मुलाचं पोट दुखत होतं, सुरुवात आम्हा नवरा-बायकोपासून झाली: घरासाठी पहिल्यांदाच काउन्सेलिंग घेताय त्यांच्यासाठी

आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, जंताचं औषध झालं, सगळं नॉर्मल. सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही म्हणून मी सरळ म्हणून टाकलं की नाटकं करतोय. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मुलांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि एवढंच विचारलं, "घरात सध्या काय चाललंय?" आम्ही दोघं खाली मान घालून बसलो, कारण तेव्हा आमचं आपसातलं बोलणं जवळजवळ बंद होतं, जे काय बोलायचं ते मुलाच्या तोंडून चालायचं, आईला सांग, बाबांना विचार, असं.

पुढे काउन्सेलरकडे चौथ्या भेटीत तो खेळता खेळता बोलून गेला की मी शाळेत गेलो आणि आई निघून गेली तर? म्हणजे शाळेची भीती नव्हतीच, घर सोडून जायची भीती होती, आणि म्हणून सुट्टीच्या दिवशी पोट ठीक. आणि हो, ते दुखणं खरंच होतं, पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत, टेन्शनमध्ये आतडी आवळतात, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोर खोटं बोलतंय असं होत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला जे बोललो ते बोललो नसतो.

मी डॉक्टर नाही, काउन्सेलरही नाही. पण कुठून सुरुवात करायची, कोणाकडे जायचं, आत गेल्यावर काय होतं, हे आम्ही ठेचा खात शिकलो, म्हणून नवीन लोकांसाठी क्रमाने लिहितोय. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी मनात पक्की करा, ज्याचा त्रास डोळ्याला दिसतो तोच 'पेशंट' असं धरून चालू नका. मरे बोवेन नावाचे अमेरिकन सायकियाट्रिस्ट होऊन गेले, त्यांनी याला त्रिकोण म्हटलंय, दोघांतला ताण दोघांना झेपेना झाला की तो तिसऱ्यावर जाऊन बसतो. आणि घरात तो तिसरा बरेचदा सगळ्यात लहान माणूस असतो.

पायरी १: आधी बघा, हे आजच्या आज धावायचं प्रकरण आहे का

घरातलं कोणी मरणाची भाषा बोलतंय, 'मी नसलो की सगळ्यांचं बरं होईल' म्हणतंय, निरवानिरवीच्या गोष्टी करतंय, स्वतःला कापून किंवा भाजून घेतंय, नसलेले आवाज ऐकू येतायत, दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात न थांबणारा जोर आहे, किंवा बाळंतीण आईला बाळाबद्दल भलतेच भास होतायत, तर खालच्या बाकी सगळ्या पायऱ्या सोडा आणि आजच हॉस्पिटल गाठा. वही, मीटिंग, समजावणं, सगळं नंतर. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जाणं, मग बाकीचं. तुमच्या भागातला इमर्जन्सी नंबर आणि आत्महत्या टाळण्यासाठीची हेल्पलाइन घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा, ऐनवेळी हात थरथरत असताना शोधणं होत नाही.

पुष्कळ लोकांना वाटतं की मरणाबद्दल विचारलं तर आपणच ते डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, यावर बराच अभ्यास झालाय, स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट समोरच्याला हायसं वाटतं की कोणीतरी विचारलं एकदाचं. साध्या शब्दांत विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हणाला तर "कसं करायचं ते ठरवलंयस का?" उत्तर काहीही आलं तरी ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, 'आमचा विचार केलास का' असलं काही बोलायचं नाही. जवळ बसायचं, एकटं सोडायचं नाही, आणि घरातली औषधं, कीटकनाशक, दोर, धारदार वस्तू कुलपात टाकायच्या. हे कुलूप लावणं लोक फालतू समजतात, पण ती तीव्र इच्छा बरेचदा लाटेसारखी येते आणि काही वेळाने ओसरते, तेवढा वेळ हाताशी साधन नसणं यानेच कित्येक जीव वाचतात.

पायरी २: दोन आठवडे फक्त लिहा

घाईचं नाहीये असं दिसलं की एक वही घ्या. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण घरात सगळ्यांच्या हाती लागेल असं नको. रोज चार गोष्टी लिहायच्या, काय झालं, किती वाजता झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि त्यावर आपण काय केलं.

लिहिताना मत लिहू नका, दिसलं ते लिहा. 'आळशी झालाय' हे मत झालं. 'मंगळवारी सव्वासातला उठवलं, आठपर्यंत पलंगावर बसून होता, बूट घालताना रडला' हे दिसलेलं. डॉक्टरांना पहिल्याने काही कळत नाही, दुसऱ्याने खूप कळतं. आणि तो चौथा रकाना, आपण काय केलं, तो जड जातो लिहायला. माझ्या वहीत १४ दिवसांत नऊ वेळा 'ओरडलो' असं लिहिलेलं होतं, मला विचारलं असतं तर मी शपथेवर दोनदा म्हणालो असतो.

दोन आठवडेच का, तर डिप्रेशन ठरवताना डॉक्टर हेच बघतात की लक्षणं किमान दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसातला बहुतेक वेळ आहेत का. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, जगभर वापरतात, तोही गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतो. तो नेटवर सापडतो पण तो भरून घरच्या घरी निदान करू नका, तो फक्त जायचं का नाही एवढं ठरवायला ठीक आहे.

आता लक्ष कशावर ठेवायचं ते वयाप्रमाणे बदलतं आणि इथेच आपण सगळे चुकतो. अगदी लहान मूल बोलून दाखवत नाही, ते मागे जातं, म्हणजे अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं पोर परत करायला लागतं, बोबडं बोलतं, चिकटून राहतं. शाळेतल्या वयात पोट आणि डोकं दुखतं, किंवा अचानक मारामाऱ्या सुरू होतात. वयात आलेल्या मुला-मुलींमधे डिप्रेशन उदास चेहऱ्याने येईलच असं नाही, कित्येकदा ते चिडचिडीच्या रूपात येतं, आणि मग आपण म्हणतो हल्लीची पिढीच उद्धट. या वयात झोपेचं घड्याळ शरीरातच पुढे सरकतं, एक-दोन तास उशिरा झोप येते, त्यामुळे नुसतं उशिरा जागणं हे लक्षण धरू नका, पण मित्र सोडले, जे आवडायचं ते सोडलं, मार्क धाडकन उतरले, हे एकत्र दिसलं तर थांबू नका. मोठेपणी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे वयाच्या १४ व्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात, म्हणून 'मोठा झाला की जाईल' हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

पुरुषांमधे बरेचदा राग, दारू आणि रात्रंदिवस काम यांच्या आड डिप्रेशन लपतं. आजी-आजोबांमधे विसरभोळेपणा आणि 'अंगात त्राण नाही' असं दिसतं, आणि घरचे वय झालं म्हणून सोडून देतात. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं खूप कॉमन आहे, ते आपोआप ओसरतं, पण दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे, डॉक्टरांना सरळ विचारा ती भरून घ्याल का म्हणून. आणि नव्या बापालाही डिप्रेशन येतं, त्याला कोणी विचारतच नाही.

पायरी ३: शरीर तपासून घ्या

हे पटकन उरकायचं काम आहे पण टाळू नका. थायरॉइड बिघडला तर माणूस उदास किंवा अस्वस्थ होतो, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं तर थकवा आणि चिडचिड येते, ज्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही ते वर्गात लक्ष देत नाही, आणि घोरणाऱ्या मुलाची झोप नीट होत नसेल तर ते दिवसभर उड्या मारतं आणि सगळे म्हणतात हायपर आहे. झोपेचे तास पण मोजा, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १०. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे वही घेऊन जा. तपासण्या नॉर्मल आल्या तर मात्र दहा ठिकाणी फिरत बसू नका, पुढच्या पायरीवर या.

पायरी ४: कोणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएससारखं मेडिकल शिक्षण झालेले डॉक्टर, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात, थेरपी देतात, साधारणपणे औषधं देत नाहीत. काउन्सेलर म्हणजे समुपदेशक, बोलून मदत करतात, पण हा शब्द इतका सैल वापरला जातो की चार दिवसांचा कोर्स केलेला माणूसही पाटी लावतो. म्हणून फोनवरच विचारा, तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, लहान मुलांबरोबर किंवा जोडप्यांबरोबर किती वर्षं काम केलंय, माझ्यासारखं प्रकरण असेल तर तुम्ही काय पद्धतीने काम करता. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, राग आला तर तेच तुमचं उत्तर समजा.

झोप, भूक पार बिघडलीय, कामावर किंवा शाळेत जाणंच बंद झालंय, भास होतायत, तर आधी सायकियाट्रिस्ट. नात्यातला ताण, मुलाचं वागणं, कोणी गेल्याचं दुःख, घटस्फोटाच्या काळातली घालमेल, तर सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलरपासून सुरुवात चालते, गरज लागली तर ते पुढे पाठवतात. जोडप्यांचं काम हे वेगळं स्किल आहे हे लक्षात ठेवा, एकेकट्या माणसाला उत्तम थेरपी देणारा माणूस दोघांना एकत्र बसवून गडबडू शकतो.

कोणाकडून उठून यायचं हे पण सांगतो. इतक्या सेशनमधे बरं करतो अशी गॅरंटी देणारा. दुसऱ्या डॉक्टरची औषधं बंद करा म्हणणारा सायकॉलॉजिस्ट. पहिल्याच भेटीत दोघांपैकी एकाला दोषी ठरवणारा, किंवा 'सोडून द्या हो त्याला' असा निकाल देणारा. आणि मुलासमोर आई-बापांना झापणारा.

पायरी ५: घरात सांगायचं कसं

इथे बहुतेक घरं अडकतात. मुलाला 'ऐकलं नाहीस तर डॉक्टरकडे नेईन' असं आधी कधी धमकावलं असेल तर आता ते निस्तरावं लागतं. लहान मुलाला मी असं सांगितलं होतं, "एक ताई आहेत, त्या मुलांशी खेळतात आणि घरातल्यांना एकमेकांशी नीट बोलायला शिकवतात, आपण तिघं जाणार आहोत, सुई नाही, परीक्षा नाही." तिघं जाणार हा शब्द महत्त्वाचा. फक्त तुला न्यायचंय म्हटलं की पोराने ओळखलंच की बिघडलेला मीच.

मोठ्या मुलांशी समोरासमोर बसवून बोलू नका, शेजारी शेजारी असताना बोला, गाडीतून जाताना, चालताना, भांडी आवरताना. डोळ्यात डोळे नसले की त्यांना बोलणं सोपं जातं. आणि थोडी निवड त्यांच्या हातात द्या, काउन्सेलर पुरुष हवा की बाई, आत एकट्याने बसायचं की आईबरोबर, तीन भेटी करून बघू आणि नाही आवडलं तर बदलू.

जोडीदाराला सांगताना 'तुला ट्रीटमेंटची गरज आहे' हे वाक्य भांडणातच संपतं, बायकोने मला तेच म्हटलं होतं आणि मी दीड महिना फुगून बसलो. नंतर ती एका रात्री म्हणाली, "मला आता एकटीने झेपत नाहीये रे, मी जाणार आहे, तू आलास तर मला बरं वाटेल." त्यावर काही बोलण्यासारखं उरलंच नाही. भांडणाच्या मधे हा विषय काढू नका, घर शांत असलेली वेळ बघा.

पायरी ६: पहिली भेट

साधारण ४५ मिनिटं ते एक तास. प्रश्न खूप असतात आणि इकडचे तिकडचे वाटतात, कधीपासून, घरात कोणाला असा त्रास होता का, झोप, गरोदरपण कसं गेलं, घरात निर्णय कोण घेतं, कोण कोणाच्या बाजूचं आहे. बरेच जण कुटुंबाचा नकाशा काढतात, आजी-आजोबांपासून, कोणाचं कोणाशी पटतं, कोण तुटलं, कोण व्यसनात गेलं, आणि तो कागद समोर आला की तुम्हालाच काही गोष्टी दिसतात ज्या वर्षानुवर्षं डोळ्यासमोर असून दिसल्या नव्हत्या. वही बरोबर न्या, चालू औषधांची यादी न्या, शाळेचे शेरे असतील तर तेही.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. नियम ढोबळमानाने असा की बोललेलं बाहेर जात नाही, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर सांगावं लागतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत आई-बापांना किती सांगणार हे तिघांच्या समोर ठरवून घ्या. जोडप्यांनी आणखी एक विचारायचं, एकेकट्याच्या भेटीत सांगितलेलं गुपित तुम्ही ठेवणार की दुसऱ्याला सांगायला लावणार, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि हे नंतर कळलं तर विश्वास मोडतो.

लहान मुलं तिथे खेळतात, चित्रं काढतात, बाहुल्यांचं घर मांडतात. 'एवढे पैसे देऊन नुसता खेळ' असं मलाही वाटलं होतं. पण मुलाची भाषाच खेळ आहे, नऊ वर्षांच्या पोराकडून 'मला असुरक्षित वाटतं' असं वाक्य निघणार नाही, तो बाहुलीच्या घराचा दरवाजा आतून लावून घेतो. आणि बाहेर आल्यावर रस्त्यात 'काय विचारलं, तू काय सांगितलंस' अशी उलटतपासणी अजिबात करू नका, हे मी परत परत सांगेन, त्याने पुढच्या वेळी पोराचं तोंड बंद होतं.

आणखी एक, जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे दोघांना एकत्र बसवून करायचं काउन्सेलिंग घेऊ नका. आत खरं बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. तिथे आधी एकट्याने मदत घ्यायची, सुरक्षिततेची सोय करायची.

पायरी ७: दोन भेटींच्या मधले दिवस, खरं काम इथे

आठवड्यात १६८ तास असतात, त्यातला एक तास तुम्ही तिथे असता. बाकीचे घरी.

जोडप्यांचं आधी बोलतो कारण आमच्या घरात गाठ तिथे होती. जॉन गॉटमन या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने जोडप्यांना लॅबमधे बसवून, त्यांची नाडी मोजत, भांडणांचं शूटिंग करून वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना चार सवयी सापडल्या ज्या नातं पोखरतात: माणसावर टीका, तुच्छतेने बोलणं, लगेच स्वतःचा बचाव, आणि गप्प होऊन भिंत उभी करणं. यातली तुच्छता सगळ्यात विषारी, डोळे फिरवणं, 'तुला काय कळतंय' म्हणणं, नक्कल करणं. मी भिंत होतो. मला वाटायचं मी शांत राहून भांडण टाळतोय, आणि तिला वाटायचं मी तिला घरात जिवंत धरतच नाही.

भिंतीमागे काय असतं तर बरेचदा शरीर पेटलेलं असतं. नाडी १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं ऐकूच येत नाही नीट, डोकं फक्त लढा किंवा पळा एवढंच करतं. म्हणून भांडण तापलं की थांबायचं, पण थांबायची रीत असते. नुसतं दार आपटून निघून जाणं म्हणजे परत भिंतच. आमचं ठरलेलं वाक्य आहे, "मला आत्ता ऐकू येत नाहीये, साडेनऊला परत बसू." किमान २० मिनिटं लागतात शरीर खाली यायला, आणि त्या वेळात मनातल्या मनात उत्तरं रचत बसायचं नाही, नाहीतर नाडी खाली येतच नाही. आणि साडेनऊ म्हटलं की साडेनऊला खरंच बसायचं, ते चुकवलं तर पुढच्या वेळी तुमच्या थांबण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गॉटमनचंच आणखी एक, जोडप्यांचे बहुतेक वाद कायमचे सुटतच नाहीत, ते स्वभावातून आलेले असतात, टिकणारी जोडपी त्या वादाबद्दल बोलत राहतात एवढंच. हे ऐकून मला विलक्षण मोकळं वाटलं होतं. बायकोला नाही वाटलं, तिचं म्हणणं पडलं की मग सुधारायची मेहनतच कशाला घ्यायची, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही.

मुलांसमोर भांडण झालं तर? होतंच, कोणाच्या घरात होत नाही. पण मग समेट पण त्यांच्यासमोर होऊ दे. रात्री दाराआड मिटवलं आणि सकाळी सगळं गोड, असं केलं तर पोराला फक्त पहिला अर्धा भाग दिसलेला असतो. आणि शब्दांत सांगा. आम्ही काउन्सेलरच्या सांगण्यावरून दोघांनी एकत्र बसून मुलाला सांगितलं, "आमचं काही गोष्टींवरून भांडण चाललंय. ते तुझ्यामुळे नाही. ते सोडवायचं काम आमचं आहे, तुझं नाही. आणि आम्ही दोघंही रात्री घरीच असणार आहोत." त्याने फक्त 'बरं' म्हटलं आणि खेळायला गेला, मला वाटलं काही पोचलंच नाही. त्या रात्री तो महिन्यांनंतर एकटा झोपला.

त्याच दिवशी निरोप्या पण बंद केला. आईला सांग, बाबांना विचार, पूर्ण बंद. तोंडाने बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहा, पण पोराला मधे घालू नका.

भीतीचं एक गणित समजून घ्या. ज्याची भीती वाटते ते टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच भीती घट्ट होते. म्हणून घरी ठेवून भीती जात नाही, आणि उचलून वर्गात नेऊन टाकूनही जात नाही, उलट विश्वास जातो. शिडी करायची. आमची अशी होती: पहिले दोन दिवस फाटकापर्यंत जाऊन परत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस, शाळेतल्या बाईंना आधी सांगून ठेवलेलं. तीन आठवडे लागले, मधे दोनदा मागे घसरलो. घसरलं की एक पायरी खाली यायचं, शिडी सोडायची नाही.

आणि रोज १०-१५ मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं ज्यात तो म्हणेल तसं होणार. शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ऐकायला सोपं वाटतं, मला पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं पण निभत नव्हती, सतत तोंडातून 'असं नाही, असं कर' निघायचं. पण आई-वडिलांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक ट्रेनिंगमधे हा खेळ पहिल्या धड्यात असतो, कारण दिवसभर सूचना ऐकणारं मूल या वेळात तुम्हाला वेगळं माणूस म्हणून बघतं.

कोणाला पॅनिक अटॅक येत असेल तर माहीत असू द्या की तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. पहिल्यांदाच छातीत दुखलं तर हार्टचं आधी तपासायचंच. पण एकदा पॅनिक आहे हे डॉक्टरांनी सांगितलं की त्या वेळी 'शांत हो, शांत हो' असं ओरडू नका, बाजूला बसा, आपला श्वास लांब सोडा, त्याला श्वास मोजत बसू दे.

पायरी ८: औषधं दिली तर

औषध म्हणजे वेड लागलं असं नाही, आणि प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक सहा-आठ आठवड्यांत, साइड इफेक्ट मात्र पहिल्या दिवसापासून येऊ शकतात, त्यामुळे नेमकं चौथ्या दिवशी लोक सोडून देतात. बरं वाटलं तरी डॉक्टर पुढे काही महिने चालू ठेवायला सांगतात, आजार उलटू नये म्हणून. एकदम बंद करू नका, चक्कर, मळमळ, अंगातून करंट गेल्यासारखं वाटणं असं होतं, डॉक्टर हळूहळू कमी करतात. मुलं आणि २५ वर्षांच्या आतली तरुण मंडळी यांच्यावर पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना बारीक लक्ष ठेवा, काहींमधे या काळात अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. शेजारच्यांची गोळी आपल्या माणसाला देऊ नका, नाव सारखं असलं तरी.

पायरी ९: उपयोग होतोय का, बदलायचं का, थांबायचं कधी

तीन-चार भेटींनंतर सरळ विचारा, आपण कुठे चाललोय, तुम्हाला काय दिसतंय. आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) पद्धतीत बरेचदा १२ ते २० सेशन धरतात, जुन्या जखमा असतील तर जास्त. सुरुवातीला घरात थोडं बिघडल्यासारखं वाटतं, कारण दाबलेलं वर येतं, त्याला घाबरून सोडू नका. पण सेशनला जाताना दर वेळी अपमान झाल्यासारखं वाटत असेल, किंवा पाच-सहा भेटींनंतर वहीत काहीच हललेलं दिसत नसेल, तर बदला, आणि का बदलताय ते त्यांना सांगून बदला. आमची पहिली काउन्सेलर चांगली होती पण मुलांसाठीच होती, जोडप्याचं काम तिने स्वतःच दुसरीकडे पाठवलं, याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे.

आणि कोणीच यायला तयार नसेल तर? नवरा हसतोय, मुलगी दार लावून बसलीय, सासरे म्हणतायत आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तर तुम्ही एकट्या जा, किंवा एकटे जा. घर म्हणजे टांगलेल्या खेळण्यासारखं असतं, पाळण्यावर बांधतात ना तसं, एक दांडी हलली की बाकीच्यांना जागा बदलावीच लागते. आमच्यात बायको आधी एकटी गेली होती, सहा आठवडे, तिने माझ्या ओरडण्यावर ओरडणं बंद केलं आणि मला कळेना की आता मी काय करू.

जो घरातल्या आजारी माणसाचं सगळं करतो त्याची झोप, त्याचं बाहेर पडणं, त्याचा एखादा मित्र, हे त्या वहीत वेगळ्या पानावर लिहा. ते पान तीन आठवडे कोरं राहिलं तर पुढचा पेशंट तोच आहे.

भेटी कमी करत न्यायच्या, आठवड्यावरून पंधरा दिवस, मग महिना. शेवटच्या भेटीत काउन्सेलरबरोबर बसून लिहून घ्या की आमच्या घरात परत बिघडायला लागलं तर सगळ्यात पहिली खूण कोणती असते. आमच्या कागदावर लिहिलंय 'निरोप मुलामार्फत जायला लागले'. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे, कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, आणि गेल्या महिन्यात "आईला सांग मला उशीर होईल" असं मी म्हटल्यावर त्याने माझा फोन उचलून माझ्याच हातात दिला.